ऊसतोड टोळ्यांची टीबी तपासणी : फडावर जाणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी

दिवाळी सरली की पंढरपूर, माळशिरस, माढा भागात बीडकडच्या टोळ्या उतरतात, कोप्या (तात्पुरत्या झोपड्या) उभ्या राहतात. तपासणी पहिल्या पंधरवड्यातच उरका. साध्या टीबीचं औषधही सहा महिने चालतं आणि कारखान्याचा पट्टा साधारण मार्चमध्ये पडतो, म्हणजे गाळप संपतं. जानेवारीत सापडलेला रुग्ण अर्ध्या औषधावर गावी जातो.

सकाळी दहाला शिबिर लावाल तर तळावर म्हातारी आणि पोरंच भेटतील. संध्याकाळी जा. यादी मुकादमाकडून घ्या, पण निकाल त्याला सांगू नका. उचल (आगाऊ घेतलेले पैसे) फिटायच्या आत काम सुटेल या धास्तीनेच माणूस खोकला लपवतो.

“खोकला आहे का?” या प्रश्नाला उत्तर ठरलेलं: नाही. किंवा मग चुलीचा धूर, मिश्री. त्यापेक्षा “गाव सोडलं तेव्हाही खोकत होता का?” असं विचारा. खोकला दोन आठवड्यांचा आहे का, हा हिशेब आपोआप निघतो. ताप, रात्रीचा घाम, थुंकीत रक्त, आधी घेतलेलं टीबीचं औषध हेही विचारा. वजन घटल्याचं सांगता येत नसेल तर पोलकं सैल झालंय का, ते पाहा.

लक्षणांवरच थांबू नका. २०१९-२१ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात ४२.६ टक्के रुग्ण केवळ एक्स-रेमुळे सापडले. हातात धरायचं यंत्र मिळालं तर सगळ्या मोठ्यांचा एक्स-रे काढा. त्याआधी पाळी चुकली आहे का, म्हणजे बाई गरोदर तर नाही ना, हे आशाताईंनी बाईला बाजूला घेऊन विचारावं.

खरी गडबड बेडक्यात (खोकून काढलेल्या कफात) होते. डबीत फेसाळ लाळ आली की तपासणी वाया. साध्या पाण्याने चूळ भरायला लावा. कोपीबाहेर, उघड्यावर, माणसांपासून लांब उभं करा. दोन-तीनदा खोल श्वास, मग छातीतून जोरात खोकला. २ ते ५ मिली घट्ट बेडका हवा. नाव डबीच्या अंगावर लिहा. झाकणं अदलाबदल होतात. बर्फाच्या डब्यातून त्याच दिवशी ट्रूनॅट किंवा सीबीनॅट या टीबीचा जंतू शोधणाऱ्या यंत्र-तपासणीला पोचवा. रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला जंतू दाद देतो का, तेही त्यातच कळतं. निकाल निगेटिव्ह पण एक्स-रे खराब, तर डॉक्टरांकडे पाठवाच.

लहान मुलांना बेडका काढता येत नाही. वजन न वाढणारं मूल थेट बालरोगतज्ज्ञांकडे न्या. रुग्णाच्या कोपीत झोपणाऱ्या सगळ्यांना तपासा. आजार नाही याची खात्री झाल्यावरच प्रतिबंधक गोळ्या.

रुग्णाची एचआयव्ही आणि साखर तपासणी करून घ्या. निक्षयमध्ये (टीबी रुग्णांच्या नोंदीचं सरकारी पोर्टल) नोंदवताना गावचा पत्ता आणि घरच्या माणसाचा नंबर घाला. फक्त मुकादमाचा नंबर असेल तर एप्रिलमध्ये तो उचलला जात नाही. पोषणाचे महिना १००० रुपये खात्यात येतात, पण पासबुक बहुधा गावी पेटीत असतं. त्याचा फोटो लगेच मागवा.

पट्टा पडायच्या आठवडाभर आधी निक्षयवर रुग्णाची बदली करा, वाटेत खंड पडणार नाही एवढ्या गोळ्या हातात द्या आणि गावच्या आरोग्य केंद्राला फोन लावा. तिथे पुढची गोळ्यांची पाकिटं मिळाल्याचं कळेपर्यंत ते नाव आपल्या यादीतून काढू नका.