किशोरवयीन प्रेमाची आणि आजाराची कादंबरी लिहिताना

किशोरवयीन प्रेम आणि दोघांपैकी एकाचा गंभीर आजार असा विषय कादंबरीसाठी घेतला असेल, तर पहिले प्रकरण लिहिण्याआधी त्या आजाराचे वेळापत्रक कागदावर मांडून घ्यावे. आजार नुसताच ‘असाध्य’ म्हणून ठेवला, की कथेत रडण्यापलीकडे काही उरत नाही, असे माझे ठाम मत आहे.

नायिका इंदूरच्या रामबागेतली, अकरावीत शिकणारी आणि थॅलेसेमिया मेजर (शरीरात पुरेसे हिमोग्लोबिन तयार न होण्याचा आनुवंशिक रक्तविकार) असलेली आहे, असे समजू. तिला साधारण दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते आणि त्यात दिवसाचे कित्येक तास जातात. तारीख जवळ आली, की हिमोग्लोबिन उतरते, चेहरा फिका पडतो, जिना चढताना धाप लागते. रक्त चढल्यावर तीच मुलगी टवटवीत दिसू लागते. म्हणजे सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजारात भुट्ट्याचा (मक्याचा) कीस खायला मित्राबरोबर कोणत्या आठवड्यात जायचे, हे तिचे रक्त ठरवते. तिने कारण न सांगता दोनदा भेट पुढे ढकलली आणि त्याचा गैरसमज झाला, तर कथानकाला वेगळा खलनायक लागत नाही.

वारंवार रक्त घेतल्याने शरीरात लोह साठते. ते काढण्यासाठी नियमित औषध घ्यावे लागते, तरीही उंची खुंटू शकते, वयात येणे लांबू शकते. सोळाव्या वर्षी दुकानदाराने तिला मित्राची धाकटी बहीण समजावे, हा प्रसंग घाई न करता लिहावा. तिचे दुःख शब्दांत सांगू नये. सुई काढल्यावर हातावर उरलेली चिकटपट्टी झाकायला ती भर उन्हाळ्यात बाही खाली ओढते, एवढे पुरते.

इंदूरची मराठी मुले घरी मराठी आणि मित्रांत बहुधा हिंदी बोलतात, त्यामुळे प्रेमाची कबुली कोणत्या भाषेत येईल याचा आधीच विचार करावा. हस्तलिखित थॅलेसेमिया असलेल्या मुलीच्या आईला वाचायला द्यावे, आणि तिने खटकते म्हटलेले वाक्य काढावे.

शेवट मृत्यूनेच करण्याची गरज नाही, कारण नियमित उपचार मिळालेले रुग्ण आज प्रौढ वय गाठतात. आपल्याकडे अठरा वर्षे पूर्ण झाल्याशिवाय रक्तदान करता येत नाही. तेव्हा सतरा वर्षांच्या नायकाला ताटकळत ठेवावे, आणि अठराव्या वाढदिवसानंतर त्याला रक्तपेढीत पाठवावे, त्याची पिशवी कोणाला जाणार हे त्याला न कळता.