सीझनच्या सुरुवातीला बुल एल्क कसा शोधायचा (कोलोराडो, आर्चरी)

अमेरिकेतल्या कोलोराडोत आर्चरीचा, म्हणजे धनुष्यबाणाने शिकारीचा, एल्क सीझन २ सप्टेंबरला उघडतो आणि ३० ला संपतो. एल्क म्हणजे सांबरासारखं मोठं हरीण, बुल म्हणजे त्याचा नर. नवीन लोकांचा प्लॅन बहुतेक असा असतो की डोंगरात जायचं, ब्यूगल (माजावरच्या नराच्या ओरडण्याची नक्कल) मारायचा आणि बुल ओरडत समोर येईल. येतो ना, पण महिन्याच्या मध्यानंतर, माजाचा जोर असतो तेव्हा. पहिले आठ-दहा दिवस तो बऱ्यापैकी गप्प असतो. ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात त्याने शिंगांवरची मखमल झाडांना घासून काढलेली असते, उन्हाळाभर सोबत चरणारे नर वेगळे व्हायला लागलेले असतात, पण माद्यांच्या मागे धावणं अजून नीट सुरू झालेलं नसतं. म्हणजे त्याला ह्या दिवसांत हवाय चारा, पाणी आणि गारवा, आणि हे तिन्ही जवळजवळ कुठे आहे ते शोधलंत की निम्म्याहून जास्त काम झालं.

सुरुवात नकाशापासून करा. ऊन असतं, अंगावर केस दाट यायला लागलेले असतात, त्यामुळे दिवसा तो उत्तरेकडच्या उतारावर स्प्रूस-फरच्या काळोख्या झाडीत बसून राहतो आणि पहाटे-संध्याकाळी वरच्या गवताळ मोकळ्या जागेत चरायला निघतो. साधारण दहा ते बारा हजार फुटांच्या पट्ट्यात, जिथे झाडांची रेषा संपते त्याच्या आसपास, गवत अजून हिरवं असतं. फ्लॅट टॉप्स असो की सॅन वानचे डोंगर, हिशोब तोच. उत्तरेचा उतार, त्यात छोटा सपाट टप्पा, खाली झरा, वर कुरण, अशा चार-पाच जागा नकाशाच्या ॲपवर मार्क करा आणि सीझनच्या आधी दुर्बिणीने पहाटे लांबून बघून या, आत घुसू नका. रस्त्यापासून आणि ट्रेलपासून जितके लांब तितकं बरं, पण मांस पाठीवर आणायचंय हे विसरून फार खोल दरीत उतरू नका.

आता वारा, कारण सगळ्यात जास्त शिकारी इथेच हरतात. एल्कने तुम्हाला बघितलं तर तो कधीकधी थांबतो, आवाज ऐकला तरी थांबतो, पण वास गेला की संपलं, अख्खा कळप दुसऱ्या दरीत. डोंगरात वाऱ्याचं साधं गणित आहे, रात्री आणि पहाटे थंड हवा उतारावरून खाली वाहते, ऊन पडून जमीन तापली की तीच हवा वर चढते, आणि संध्याकाळी सावली पडली की पुन्हा खाली. म्हणून पहाटे खालून वर जायचं, दुपारी उताराच्या वरच्या बाजूला राहायचं. मधला बदलाचा वेळ, सकाळी नऊ-दहाच्या आसपासचा, फार वाईट, हवा गोल गोल फिरते, तेव्हा बसलेल्या कळपाजवळ जायचंच नाही, लांब थांबा, काहीतरी खा, हवा एका दिशेला स्थिर झाली की निघा. वारा बघायच्या पावडरची बाटली खिशात नको, हातातच ठेवा आणि दर थोड्या पावलांनी फुसकन सोडून बघा. अंगाचा वास दाबणाऱ्या स्प्रेवर खर्च करण्यापेक्षा हे शिका असं माझं स्पष्ट मत.

दुपारसाठी पाणी. आपल्याकडचा सांबर कसा चिखलात लोळतो, तसाच बुल एल्क लोळतो, त्या डबक्याला इथे वॅलो म्हणतात. पाणी गढूळ असेल, काठावर ताजे खूर आणि केस दिसत असतील आणि मुताचा उग्र वास येत असेल तर तो चालू वॅलो समजा. गरम कोरड्या दिवशी झाडीच्या आतल्या अशा डबक्यावर वारा तोंडावर घेऊन, २०-३० यार्डांवर सावलीत दुपारपासून अंधार होईपर्यंत शांत बसणं हा सुरुवातीच्या दिवसांतला सगळ्यात भरवशाचा मार्ग आहे, कंटाळवाणा आहे पण भरवशाचा. पाऊस पडून गेला असेल तर मात्र पाणी सगळीकडे असतं, मग तिथे बसून उपयोग नाही.

आवाज काढायचाच असेल तर कमी. मादी आणि पिल्लाचे हलके मऊ आवाज, मग पंधरा-वीस मिनिटं गप्प, कारण बुल ह्या दिवसांत उत्तर न देता चोरपावलांनी येतो. पहाटे अंधारात लांबून एखादा ब्यूगल मारून कुठून उत्तर येतंय बघा, एवढंच.

बाण सोडायचा तो आडवा उभा असेल किंवा थोडा पलीकडे वळलेला असेल तेव्हाच. समोरून नाही, मागून तर नाहीच. प्रॅक्टिसमध्ये जेवढ्या अंतरावर दर वेळी नेम लागतो त्याच्या आतच मारा. रक्त गुलाबी, फेसाळ असेल तर फुफ्फुस, अर्धा तास थांबून माग काढा. हिरवट घाण दिसली तर पोटात लागलाय, कितीही उकडत असलं तरी कित्येक तास थांबावं लागतं, घाईने मागे लागलात तर तो मैलभर जाईल आणि हातून जाईल, आणि जनावर तडफडत राहील ते वेगळं.

पडल्यावर घाई करा. मोठा बुल तीनशे किलोच्या घरात जातो, आत उष्णता धरून ठेवतो आणि सप्टेंबरच्या उन्हात मांस काही तासांत हाडाजवळ खराब व्हायला लागतं. आधी टॅग (शिकारीच्या परवान्याची चिठ्ठी) भरा, मग लगेच कातडं काढा, चारही पाय सुटे करा, पाठीच्या दोन्ही पट्ट्या आणि आतले टेंडरलॉइन काढा, जाळीच्या पिशव्यांत घालून झऱ्याजवळ सावलीत, वारा लागेल असं टांगा. नर असल्याचा पुरावा मांसाला नैसर्गिकरीत्या जोडलेला ठेवावा लागतो, आणि खाण्याजोगं मांस टाकून येणं हा इथे गुन्हा आहे, मग फेऱ्या कितीही होवोत.

कागदपत्रं आधीच करा. १ जानेवारी १९४९ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना हंटर एज्युकेशनचं (शिकारीच्या प्रशिक्षणाचं) कार्ड लागतं, धनुष्य ओढायला लागणारा जोर (ड्रॉ वेट) किमान ३५ पाउंड लागतो, बऱ्याच युनिटमध्ये (शिकारीच्या ठरलेल्या विभागांत) एका शिंगाला किमान चार टोकं किंवा कपाळाजवळचं टोक किमान पाच इंच लांब असलेलाच बुल चालतो. टॅगचे नियम बदलत असतात, बाहेरच्या राज्यातल्यांसाठी तर जास्तच, तेव्हा त्या वर्षीचं नियमांचं ब्रोशर पूर्ण वाचा. आणि दुपारी ढग जमले की उघड्या कड्यावरून खाली उतरा, वीज पडते.

घरी आल्यावर डोकं कोलोराडो पार्क्स अँड वाइल्डलाइफ ह्या राज्याच्या वन्यजीव खात्याकडे सीडब्ल्यूडीच्या (हरणांच्या मेंदूला होणाऱ्या जीवघेण्या रोगाच्या) टेस्टला द्या, त्या जनावराचं मांस वेगळं पॅक करून नाव-तारीख टाकून फ्रीझरमध्ये ठेवा, आणि रिझल्ट यायच्या आधी कुणाला डबा भरून देऊ नका.