बाबांच्या कार्डावरची अडकलेली लोकल

बाबांची साठी. आयुष्यभर बोरिवली-चर्चगेट केलेला माणूस, म्हणून पट्टी ओढली की लोकल धावेल असं कार्ड केलं. रात्री मस्त सरकत होती. सकाळी ठप्प! जोर लावला तर पट्टीच दुमडली. फार वाईट वाटलं.

कार्ड उलगडलं तेव्हा कळलं. जुलैच्या दमट हवेत पातळ पट्टी फुगली होती, आणि पांढऱ्या गोंदाचा एक थेंब खाचेच्या कडेला सुकून खड्यासारखा बसला होता.

नवी पट्टी ३०० जीएसएमच्या, म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम भरणाऱ्या जाड कार्डशीटची कापली. कागदाच्या तंतूंना दिशा असते. हलकेच वाकवून बघा, ज्या बाजूने सहज वळतो त्या घडीला तंतू समांतर असतात. पट्टीची लांबी तंतूंच्या दिशेत ठेवली की ओढताना ती वाकत नाही. रुंदीत मात्र कागद ओलाव्याने जास्त फुगतो, म्हणून खाचेत २ मिलिमीटर मोकळीक सोडली. गोंदाऐवजी दोन्ही बाजूंनी चिकटणारी फोम टेप लावली, पट्टीच्या कडांवर देवघरातली मेणबत्ती घासली. या मेणाने तर कमालच केली.

बाबांनी पट्टी ओढली. लोकल चर्चगेटला पोचली. मग त्यांनी ती हळूच परत बोरिवलीला नेली.