बँकॉकला निघताना: बाट इथूनच घ्यायचे की तिथल्या एटीएममधून काढायचे?

हा प्रश्न बहुतेक जण 'दर काय लावला?' असा विचारतात आणि तिथेच फसतात. दर हा हिशेबाचा एकच तुकडा आहे. खरं विचारायचं ते असं: हातात पडलेल्या एका बाटसाठी (हे थायलंडचं चलन) खिशातून एकूण किती रुपये गेले? तिथलं शुल्क, इथलं शुल्क, कर, सगळं धरून. हा एकच आकडा काढला की 'झीरो कमिशन'च्या पाट्या आपोआप निरर्थक होतात, कारण कमिशन न घेणारा दुकानदार आपली कमाई दरातच घालतो.

हिशेबासाठी बाजारातला मूळ दर एका बाटला २.७० रुपये धरू. निघण्याच्या आदल्या दिवशी गुगलवर दिसेल तो आकडा घालून हेच गणित परत करा, पाच मिनिटांचं काम आहे.

आधी एटीएम. थायलंडमधल्या बहुतेक बँका परदेशी कार्डावर दर वेळी २२० बाटच्या आसपास शुल्क घेतात. १,००० काढा नाहीतर २०,०००, शुल्क तेवढंच. ते पडद्यावर आधी दिसतं आणि नको असेल तर तिथेच थांबता येतं. त्यानंतर आपली भारतीय बँक लागते: सर्वसाधारण डेबिट कार्डावर दर वेळचे १०० ते १५० रुपये, वर सुमारे साडेतीन टक्के मार्कअप (परदेशी व्यवहारावर बँक चढवते ती टक्केवारी), आणि या दोन्हींवर १८ टक्के जीएसटी. चलन बदलल्याचा जीएसटी वेगळा, पण तो किरकोळ असतो: १ लाखापर्यंतच्या रकमेचा एक टक्का (किमान २५० रुपये) हे मूल्य धरून त्यावर १८ टक्के. म्हणजे कमीत कमी ४५ रुपये.

आता १०,००० बाट काढले असं समजू. शुल्कासकट १०,२२० बाट वळते होतात, म्हणजे २७,५९४ रुपये. मार्कअप ९६६, ठरावीक शुल्क १२५ धरलं, त्यांवर जीएसटी १९६, चलन बदलाचा जीएसटी ५०. एकूण २८,९३१. मूळ दराने हेच बाट २७,००० चे होते, म्हणजे सात टक्क्यांहून थोडं जास्त गेलं.

पण 'थोडे थोडे काढू, जवळ जास्त रोख नको' म्हणून २,००० बाटच काढले तर? मूळ दराने ५,४०० रुपये. प्रत्यक्षात जातात सुमारे ६,४३४. एकोणीस टक्के जास्त! आणि असं पाच वेळा केलं तर १०,००० बाटला ३२,००० च्या वर मोजले. याउलट एकदाच २०,००० काढले तर जास्तीचा भार पावणेसहा टक्क्यांच्या आसपास उतरतो. एटीएम महाग पडतं ते मुख्यतः छोट्या रकमांमुळे. चोरीच्या भीतीने पुन्हा पुन्हा यंत्रापुढे उभं राहण्यापेक्षा एकदाच मोठी रक्कम काढून हॉटेलच्या तिजोरीत ठेवणं केव्हाही बरं. तुमच्या कार्डाला मार्कअप नसेल तर हे गणित बरंच सुधारतं, पण २२० बाट तेव्हाही जातातच.

मग इथून बाट घेऊन जावेत का? पुण्या-मुंबईत, शहरातल्या परवानाधारक मनी चेंजरने २.८२ दिला असं धरा. १०,००० बाटला जीएसटीसकट २८,२५१ रुपये, म्हणजे एटीएमपेक्षा स्वस्त. हेच विमानतळावरच्या काउंटरवर ३.०५ ने घेतले तर ३०,५५५. त्यामुळे 'विमानतळावर बघू' हे वाक्य घरातून निघण्याआधीच विसरा. शहरात निदान तीन ठिकाणी फोन करा आणि दर न विचारता असं विचारा: '१०,००० बाट हवेत, सगळं धरून किती रुपये द्यायचे?' बाटच्या नोटा प्रत्येक दुकानात रोज नसतात, म्हणून तीन-चार दिवस आधी सांगून ठेवावं.

थायलंडपुरता तिसरा रस्ता या दोन्हींपेक्षा चांगला आहे: इथून अमेरिकी डॉलर घ्यायचे आणि ते बँकॉकला मोडायचे. दोनदा चलन बदललं की दोनदा नुकसान, हे एरवी खरं. पण भारतात डॉलरच्या खरेदी-विक्रीतला फरक बाटपेक्षा बराच कमी असतो, आणि सुपररिचसारखी बँकॉकमधली चलन बदलणारी दुकानं डॉलरला मूळ दराच्या अगदी जवळचा भाव देतात. दोन्हीकडचं मिळून दीड टक्का गेला असं धरलं तर १०,००० बाट सुमारे २७,४५४ रुपयांना पडतात. सुवर्णभूमी विमानतळावर उतरलात तर बाहेर पडतानाच्या मजल्यावरच्या काउंटरवर मोडू नका. सर्वांत खाली, रेल्वे स्टेशन आहे त्या तळघराच्या मजल्यावर जा, तिथल्या दुकानांचा दर बराच चांगला असतो. पासपोर्ट हातात ठेवा, तो मागतात.

डॉलर घेताना १०० च्या नोटा मागा, छोट्या नोटांना तिथे कमी दर मिळतो. नोट फाटकी, पेनाने खूण केलेली, शिक्का मारलेली असेल तर ती परत केली जाते किंवा दर कापला जातो. म्हणून काउंटरवरच एकेक नोट उजेडात धरून पाहा आणि नको ती तिथल्या तिथे बदलून घ्या. मागे रांग आहे म्हणून संकोच करू नका. रुपये नेऊन तिथे मोडायचा विचार मात्र सोडा, रुपयाला तिकडे कमी भाव मिळतो.

खरेदीला पासपोर्ट, पॅन, तिकीट आणि ए-२ अर्ज (परकीय चलन घेण्यासाठी भरायचा नमुना) लागतो. रोखीने ५०,००० रुपयांपर्यंतच देता येतात, त्याहून जास्त असेल तर आपल्याच खात्यातून बँकेमार्फत. एका प्रवासाला नोटांच्या रूपात ३,००० डॉलरपर्यंतच मिळतात, पण आठवड्याच्या सहलीला ही मर्यादा आडवी येत नाही. पावती परत येईपर्यंत जपा. उरलेलं चलन परतल्यापासून १८० दिवसांत विकायचं असतं, २,००० डॉलरपर्यंत मात्र ठेवून घेता येतात. नाणी कोणी परत घेत नाही, ती विमानतळावरच्या चहा-पाण्यात संपवा.

एवढं असूनही डेबिट कार्ड घरी ठेवू नका. पाकीट हरवलं, दवाखान्यात जावं लागलं, तर तेच कामाला येतं. पण ते चालेल याची सोय इथेच करावी लागते. भारतात कार्डं बहुधा देशातल्या वापरापुरतीच चालू असतात. बँकेच्या ॲपमध्ये परदेशी वापर सुरू करायचा आणि त्यातही एटीएमचा पर्याय वेगळा असेल तर तोही. दिवसाची मर्यादा पाहून घ्या. रुपेचं फक्त देशांतर्गत कार्ड असेल तर ते तिथे चालणारच नाही. निघण्याच्या आठवड्यात एकदा इथल्या यंत्रात पिन टाकून पाहा, कारण तो विसरलेला असतो आणि तीनदा चुकला की कार्ड बंद होतं. शक्य असेल तर या कार्डाच्या खात्यात सहलीपुरतेच पैसे ठेवा.

आता सगळ्यांत महत्त्वाचा भाग. यंत्रात रक्कम टाकल्यावर एक पडदा येतो: 'तुमच्या खात्यातून इतके रुपये जातील, मान्य आहे?' आकडा ओळखीच्या चलनात दिसतो म्हणून जिवाला बरं वाटतं आणि बोट 'ॲक्सेप्ट' कडे जातं. थांबा. हा दर तुमच्या बँकेचा नसतो. यंत्रवाल्याने स्वतःची टक्केवारी चढवून लावलेला असतो, आणि एवढं करूनही आपली बँक परदेशी व्यवहार म्हणून शुल्क लावू शकते. इथे 'विदाउट कन्व्हर्जन' किंवा 'डिक्लाइन कन्व्हर्जन' दाबायचं. 'डिक्लाइन' वाचून व्यवहारच रद्द होईल असं वाटतं, म्हणून लोक घाबरतात. रद्द होत नाही, बाटमध्येच पुढे चालू राहतो. दुकानात किंवा हॉटेलात कार्ड फिरवतानाही रुपये की बाट असं विचारलं तर उत्तर बाट हेच.

काही यंत्रं नोटा आधी देतात आणि कार्ड नंतर. भारतात उलट क्रमाची सवय असल्याने नोटा मोजत माणूस निघून जातो आणि कार्ड आत राहतं. म्हणून बँकेच्या शाखेला लागून असलेलं यंत्र, आणि तेही शाखा उघडी असताना वापरा. खात्यातून पैसे गेले पण नोटा आल्या नाहीत, तर यंत्रासमोर भांडून उपयोग नाही. चिठ्ठी आणि पडद्याचा फोटो घ्या, यंत्राचा क्रमांक आणि वेळ लिहून ठेवा, आणि त्याच दिवशी आपल्या भारतीय बँकेकडे लेखी तक्रार करून तिचा क्रमांक घ्या. परदेशातल्या यंत्राची तक्रार मिटायला इथल्यापेक्षा जास्त दिवस लागतात, त्या काळात हाच कागद तुमच्या बाजूने बोलतो.

चार जणांच्या आठवड्याच्या सहलीला वाटणी अशी ठेवता येईल: टॅक्सी आणि पहिल्या जेवणापुरते २,००० ते ३,००० बाट इथूनच, बाकी रोख खर्चाचे डॉलर, आणि डेबिट कार्डं दोन, वेगवेगळ्या बँकांची, दोन वेगळ्या माणसांच्या बॅगेत. एटीएमपाशी जायची वेळ आलीच तर उरलेल्या सगळ्या दिवसांचा खर्च काढून एकदाच जा.