टर्ब्युलन्समधला टोकाचा ऊर्जाक्षय: या चुका टाळा

खळाळत्या प्रवाहात (टर्ब्युलन्स) घर्षणाने गतीची ऊर्जा उष्णतेत विरते, तो ऊर्जाक्षय; काही जागी तो सरासरीच्या हजारो पट होतो. संगणकावर ही टोकं शोधताना सगळ्यात जास्त दिसणारी चूक ग्रिडची, म्हणजे जिथे प्रवाह मोजतो त्या बिंदूंच्या जाळीची. सरासरी ऊर्जाक्षयावरून कोल्मोगोरोव्ह लांबी (सर्वात लहान भोवऱ्यांचा आकार) काढायची, ग्रिडचं अंतर तिच्या दुप्पट ठेवायचं आणि निर्धास्त व्हायचं. सरासरीपुरतं हे चालतं. पण ही लांबी ऊर्जाक्षयाच्या चतुर्थमूळाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. क्षय सरासरीच्या १०,००० पट असेल, तिथे ती दहापट लहान. म्हणजे जी जागा बघायला एवढा खटाटोप केला, तीच ग्रिडला दिसत नाही.

टाइमस्टेपकडे, म्हणजे गणित एका वेळी पुढे सरकतं त्या काळाच्या तुकड्याकडे, तर कुणी ढुंकूनही बघत नाही. एक विद्यार्थी सरासरीच्या हजारो पट उंच टोक घेऊन आला. पेपरचं शीर्षकही ठरलेलं. म्हटलं, टोक यायच्या जरा आधीचा साठवलेला फील्ड (सगळ्या बिंदूंवरचे वेग) घे, टाइमस्टेप अर्धा कर, पुन्हा चालव.

"सर, कॉम्प्युटर क्लस्टरवर रांग आहे."

"मग लाग रांगेत."

नवा आलेख आला तेव्हा टोक निम्म्याच्याही खाली. आणि हे फक्त नवशिक्यांचंच होतं असं नाही. २०१५ साली ८१९२ च्या घनाएवढ्या बिंदूंच्या सिम्युलेशनमधून अशाच टोकाच्या घटना जाहीर झाल्या होत्या. २०१८ मध्ये त्याच गटातल्या यूंग आणि श्रीनिवासन यांनी संशोधक स्टीफन पोप यांच्यासोबत अवकाश आणि काळ या दोन्हींतलं रिझोल्यूशन नव्याने तपासलं, तेव्हा टाइमस्टेपचा दोष पुढे आला. मी टोकाभोवतीचा तुकडा आधी कच्च्या आकड्यांत बघतो. शिखर दोन-तीन बिंदूंवरच उभं असेल, तर त्यावर विश्वास ठेवत नाही. ग्रिडचं अंतर निम्मं केलं की खर्च सोळापट होतो, मान्य. मग छोट्या रेनॉल्ड्स संख्येवर (कमी खळाळत्या प्रवाहावर) नीट करा. घाई असेल तर दुसरा विषय घ्या.

आणखी एक चूक: भोवरा जोरात फिरतोय, म्हणजे क्षयही तिथेच. नाही! गाभा जवळपास घन वस्तूसारखा एकसंध फिरतो. थर एकमेकांवर घसरतच नाहीत, तर ऊर्जा जाणार कुठे? बर्गर्सचा भोवरा (ताणलेल्या भोवऱ्याचं साधं गणिती रूप) कागदावर सोडवून बघा: सर्वाधिक क्षय गाभ्याबाहेरच्या कड्यात मिळतो. प्रत्यक्ष प्रवाहात शेजारचे भोवरे एकमेकांना ताणतात आणि तीव्र क्षय त्यांच्या आजूबाजूला पातळ पापुद्र्यांत साचतो. रंगीत चित्रं काढायच्या आधी घूर्णन (फिरणं) आणि विकृतिदर (ताणलं-घसरलं जाण्याचा वेग) वेगवेगळे काढा.

प्रयोगात हॉट-वायरने (तापलेल्या तारेने वेग मोजणारं उपकरण) मिळालेला वेगाच्या एकाच घटकाचा उतार सरासरीला ठीक, टोकांना नाही.

एकाच क्षणाच्या फील्डवरून शेपटीचे (दुर्मीळ, टोकाच्या मूल्यांचे) निष्कर्ष काढू नका.

आणि टोकं 'नॉइज' म्हणून फिल्टरने कापायची असतील, तर निदान आधीचा डेटा जपून ठेवा.