कैरीचं तिखट-आंबट गारेगार घरी करताना

कैरी, मीठ आणि मिरची बर्फात गोठवायची म्हटलं की पहिला घाणा बहुधा दोनपैकी एका प्रकारे फसतो. एक तर कँडी इतकी टणक होते की दात लावता येत नाही, आणि चोखत गेलं की रंग-चव निघून जाऊन काडीला नुसता पांढरा बर्फ उरतो. नाहीतर टोकाचा पहिलाच घास जाळ लागतो आणि पुढची सगळी कँडी गोडमिट्ट. पहिल्या प्रकारात साखर कमी पडलेली असते, दुसऱ्यात तिखट साच्याच्या तळाला बसलेलं असतं. हे दोन्ही सांभाळलं तर कैरीच नव्हे, कुठल्याही आंबट फळाचं तिखट गारेगार नीट होतं.

आधी साखर आणि मीठ

साखर इथे फक्त गोडीसाठी नसते. साखरेच्या पाण्यातलं सगळं पाणी एकदम गोठत नाही. थोडा दाट पाक बर्फाच्या कणांमध्ये अडकून राहतो आणि त्यामुळेच कँडी चावता येते. मिश्रणाच्या एकूण वजनात साखर (फळातली धरून) १८ ते २२ टक्के असावी. १५ टक्क्यांच्या खाली गेलात तर बर्फाचे मोठे खडे होतात आणि रस त्यांच्यामधून शोषला जातो. २५ टक्क्यांच्या वर गेलात तर कँडी साच्यातून निघता निघता मोडते. एकदारी फ्रीजमधला वरचा छोटा कप्पा पुष्कळदा उणे १८ अंश सेल्सियसपर्यंत उतरत नाही, त्यामुळे तसा फ्रीज असेल तर १८ टक्क्यांच्या जवळपास राहा.

वजनकाटा नसेल तर जिभेवर भरवसा ठेवा. मिश्रण साध्या तापमानाला चाखून बघा. सरबत म्हणून पिताना ‘जरा जास्तच गोड झालंय’ असं वाटलं पाहिजे. गार पदार्थाची गोडी जिभेला कमी कळते, त्यामुळे सरबत म्हणून बरोबर असलेलं मिश्रण गोठल्यावर फिकं लागतं.

मिठाचा हात मात्र आखडता ठेवा. पाणी गोठू न देण्याची मिठाची ताकद वजनाला वजन साखरेच्या जवळजवळ बारापट असते. म्हणजे ५ ग्रॅम मीठ घातलं की कँडीच्या मऊपणापुरता सुमारे ६० ग्रॅम साखरेइतका परिणाम होतो. पाऊण लिटर मिश्रणाला साधं आणि काळं मिळून ४ ते ५ ग्रॅम पुरे. ‘चटकदार व्हावं’ म्हणून चमचाभर मीठ जास्त पडलं, तर रात्रभर ठेवूनही कँडी लिबलिबीत राहते आणि दोष फ्रीजला दिला जातो.

कैरीची कृती

साधारण ६५ मिलीच्या दहा कँड्यांसाठी:

कैऱ्या २ मध्यम, मिळून ४०० ग्रॅम (साल-कोय काढून २५० ग्रॅमच्या आसपास गर)
साखर १३० ग्रॅम
पिण्याचं पाणी ३०० मिली
तिखट हिरवी मिरची १, फार तर २
साधं मीठ अर्धा छोटा चमचा
काळं मीठ (पादेलोण) पाव छोटा चमचा
भाजून भरडलेलं जिरं पाऊण छोटा चमचा
पुदिन्याची ८-१० पानं, आवडत असल्यास

कैरी टणक आणि आंबटढाण हवी. राजापुरी चांगली, गर भरपूर निघतो. तोतापुरी आंबटपणाला कमी असते, ती घेतली तर साखर २० ग्रॅमने कमी करा आणि एका लिंबाचा रस घाला. देठाकडचा भाग कापून कैऱ्या अर्धा तास पाण्यात ठेवा, म्हणजे चीक निघून जातो. चीक राहिला तर घशाला खवखवतं, आणि ते मिरचीमुळे झालं असं उगाच वाटतं.

आता कैरी कच्ची वाटायची की शिजवायची? दोन्ही करा. नुसत्या कच्च्या कैरीचा वास ताजा येतो, पण मिश्रण पातळ आणि रेषाळ राहतं. नुसती शिजवली तर गोठलेलं पन्हंच होतं. पन्हं चांगलंच, पण इथे कच्च्या कैरीचा तो दात आंबवणारा वास हवा. म्हणून २०० ग्रॅम गराच्या फोडी १५० मिली पाण्यात झाकण ठेवून सात-आठ मिनिटं मऊ शिजवा. शिजताना कैरीतलं पेक्टिन सुटतं आणि मिश्रणाला दाटपणा येतो. पुढे हाच दाटपणा जिरं-मिरची तळाला जाऊ देत नाही. गॅस बंद करून गरम असतानाच साखर आणि साधं मीठ विरघळवा. उरलेला ५० ग्रॅम गर बारीक किसून बाजूला ठेवा.

मिरचीचा तिखटपणा बियांमध्ये असतो असं समजतात, पण तो मुख्यतः बिया ज्या पांढऱ्या शिरेला चिकटलेल्या असतात तिच्यात असतो. बेताचं तिखट हवं असेल तर मिरची उभी चिरून शीर आणि बिया दोन्ही काढा. जास्त हवं असेल तर शीर ठेवा, बिया तरीही काढा, कारण गोठलेली बी दातात अडकते. काही जण मिरचीचे तुकडे गरम पाकात दहा मिनिटं ठेवून गाळून घेतात. मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात जेमतेमच उतरतं, त्यामुळे असं केल्याने वास छान येतो पण झणका येत नाही. लहान मुलांसाठी ही पद्धत उत्तम. मोठ्यांसाठी मिरची वाटूनच घाला.

शिजवलेलं मिश्रण पूर्ण निवू द्या. मग मिक्सरमध्ये मिरची, पुदिना आणि उरलेल्यातलं थोडं पाणी घालून आधी तेवढंच बारीक वाटा, नंतर कैरीचं मिश्रण आणि राहिलेलं पाणी घालून एकदा फिरवा. मिक्सर फार वेळ चालवू नका. फेस झाला तर कँडीच्या एका टोकाला सच्छिद्र, बेचव थर जमतो. पुदिना गरम मिश्रणात घातला तर काळपट पडतो, आणि पादेलोणाचा खास वास उष्णतेने उडतो, म्हणून काळं मीठ, जिरं आणि किसलेली कैरी सगळ्यात शेवटी, चमच्याने ढवळून घाला. वेलची आणि केशर पन्ह्यात शोभतात. मिरचीसोबत मात्र दोन्ही वास एकमेकांना मारतात, तेव्हा ती घालूच नका.

चाखताना एक लक्षात असू द्या. गारव्यामुळे मिरची लगेच कळत नाही. आधी आंबट, मग गोड, आणि बर्फ वितळून घशाकडे गेल्यावर मागून तिखट येतं. म्हणून साखरेसारखी मिरची वाढवत नेऊ नका. साध्या तापमानाला जेवढं तिखट सोसवतं तेवढंच ठेवा. घरात लहान मूल असेल तर मिरची वेगळी वाटून ठेवा, त्याचे दोन-तीन साचे आधी भरा आणि मग बाकीच्या मिश्रणात मिरची मिसळा.

साचे, काड्या आणि गोठवणं

प्लॅस्टिकचे किंवा स्टीलचे साचे वापरा. कुल्फीचे जुने अॅल्युमिनियमचे साचे इथे नकोत. आंबट आणि खारट मिश्रणाची अॅल्युमिनियमशी रासायनिक क्रिया होते, कँडीला धातूची चव येते आणि साच्याला खड्डे पडतात. साचे नसतील तर चहाचे कागदी कप किंवा उंच, छोट्या स्टीलच्या वाट्या चालतात. कप फाडून काढता येतो, ही त्यातली सोय.

पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. साचा काठोकाठ भरला तर मिश्रण वर येऊन झाकणाला चिकटतं, म्हणून वरून सेंटिमीटरभर जागा सोडा. लाकडी काड्या दहा मिनिटं पाण्यात भिजवून घेतल्या की तरंगून वर येत नाहीत. झाकण नसलेल्या साच्यावर फॉइल घट्ट बसवून त्याला बारीक चीर द्या आणि काडी तिच्यातून खोचा, म्हणजे सरळ राहते. नाहीतर दीड तासाने, मिश्रण अर्धवट गोठल्यावर, काडी रोवा.

गोठणं जितकं झटपट, तितके बर्फाचे कण बारीक. त्यासाठी मिश्रण आधी फ्रीजमध्ये दोन तास गार करा, रिकामे साचे फ्रीजरमध्ये ठेवा आणि फ्रीजरचं बटण दोन तास आधीच सगळ्यात थंडवर न्या. साचे मागच्या भिंतीला किंवा थेट बर्फाच्या पत्र्यावर टेकवा. दारापाशी नको. सहा ते आठ तास लागतात. तोवर ‘झाली का’ म्हणून दार उघडत राहिलात तर कण मोठे होतात.

काढताना साचा नळाच्या साध्या पाण्यात १० ते १५ सेकंद बुडवा आणि काडी सरळ वर ओढा. पिळली तर काडी एकटीच हातात येते. गरम पाणी वापरू नका, बाहेरचा सगळा थर वितळून जातो.

वरून लावायचा मसाला

२ छोटे चमचे ब्याडगीचं तिखट, १ चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड, १ चमचा पिठीसाखर, अर्धा चमचा काळं मीठ, अर्धा चमचा आमचूर. ब्याडगी यासाठी की रंग भरपूर येतो आणि जाळ कमी असतो. लवंगीचं तिखट वरून भुरभुरलं तर ते सरळ ओठांना लागतं. हा मसाला ताटलीत पसरा आणि खायच्या क्षणी कँडीचं टोक त्यात टेकवा. आधीच लावून फ्रीजरमध्ये ठेवलात तर मीठ वरचा बर्फ वितळवतं आणि सगळं चिकट होऊन कागदाला लागतं.

इतर फळं

कलिंगड: याचा रस पाण्यासारखा पातळ, त्यामुळे तिखट बुडण्याचा त्रास इथे सगळ्यात जास्त. साच्याचा तळ म्हणजे कँडीचं टोक, आणि पहिल्याच घासाला झणका बसतो तो यामुळेच. १०० मिली पाण्यात दीड छोटा चमचा कॉर्नफ्लोअर आणि ८० ग्रॅम साखर घालून पारदर्शक होईपर्यंत उकळा, निववा आणि ५०० ग्रॅम बिनबियांच्या कलिंगडाच्या रसात मिसळा. कलिंगड स्वतः उकळू नका, शिजलेल्या भोपळ्यासारखा वास येतो. दोन लिंबांचा रस, अर्धा चमचा काळं मीठ आणि अर्धा चमचा ब्याडगीचं तिखट घाला. एवढं करूनही खात्रीसाठी हे मिश्रण भांड्यातच फ्रीजरमध्ये पाऊण-एक तास ठेवा, कडेने बर्फ धरू लागला की ढवळा आणि मगच साच्यात भरा.

अननस: ४०० ग्रॅम फोडी, ९० ग्रॅम साखर, १५० मिली पाणी. पाच मिनिटं उकळून घ्या. कच्च्या अननसातलं ब्रोमेलेन जीभ चुरचुरवतं आणि ते उष्णतेने निकामी होतं. याच्याशी लाल तिखटापेक्षा जाडसर कुटलेली काळी मिरी अर्धा चमचा जास्त जमते.

जांभूळ: मिक्सर नको, बी फुटली की कडवटपणा येतो. ५०० ग्रॅम जांभळं हाताने चोळून चाळणीतून गर काढा, त्यात ९० ग्रॅम साखर, १५० मिली पाणी, काळं मीठ, जिरं आणि चिमूटभर लाल तिखट. जांभळाच्या तुरटपणाला मीठ हवंच, पण पाव चमच्याच्या पुढे जाऊ नका.

कोकम: गोड अमृत कोकम असेल तर १ वाटीला अडीच वाट्या पाणी. पिण्यासाठी आपण याहून बरंच पातळ करतो, पण तेवढ्याने कँडी टणक होईल. आगळ घेतलं तर त्यात मीठ आधीच असतं, वरून अजिबात घालू नका, आणि साखर वेगळी मोजून घाला.

साठवण

साच्यातून काढलेल्या कँड्या ताटात बटर पेपरवर पाव तास पुन्हा कडक करा, मग एकेक गुंडाळून हवाबंद डब्यात ठेवा. उघड्या राहिल्या तर मासळीचा किंवा वाटणाचा वास पकडतात आणि वर भुरभुरीत बर्फ जमतो. तीन आठवडे चव टिकते, पुढे जिरं आणि पुदिना उतरत जातात. पाणी मात्र पिण्याच्या लायकीचंच घ्या. गोठवल्याने सगळे जंतू मरत नाहीत.

उन्हाळ्यात वीज जाते. दार न उघडता दोन-तीन तास गेले तर भरलेल्या फ्रीजरमध्ये कँड्या तग धरतात. नरम पडल्या पण अजून गार असतील तर तशाच पुन्हा गोठवू नका, त्यात पाणी आणि पाक वेगळे होतात आणि कँडी अर्धी टणक, अर्धी चिकट बनते. सगळ्या भांड्यात काढून मिक्सरमध्ये एकदा फिरवा आणि साचे नव्याने भरा. पूर्ण वितळून कोमट झालं असेल तर टाकून द्या.