लेअर कट वाढवून केस लांब करताना

लेअर कट केलेले, म्हणजे वर आखूड आणि खाली लांब अशा थरांत कापलेले केस पुन्हा लांब करायचे ठरले, की बहुतेक जणी सर्वांत आधी केस कापणेच बंद करतात. दीड-दोन वर्षे कात्री लावली नाही तर केस लांब होतात हे खरे. पण वरच्या आणि खालच्या लेअरमधले अंतर तेवढेच राहते, कारण डोक्यावरचे सगळेच केस साधारण सारख्या वेगाने वाढतात. मग पाठीवर उंदराच्या शेपटीसारखे पातळ शेंडे लोंबू लागतात, वेणीतून जागोजागी आखूड केस बाहेर येतात, आणि एके दिवशी कंटाळून सगळेच पुन्हा खांद्यापर्यंत कापले जातात. मी दोनदा याच वाटेने जाऊन परत फिरले. तिसऱ्या वेळी मात्र मोजमाप करून, ठरवून केस वाढवले, आणि ते जमले. ठाणे ते तुर्भे असा रोजचा लोकलचा प्रवास, दमट हवा आणि चार महिन्यांचा पाऊस सांभाळून ते कसे जमवायचे, हे इथे सविस्तर सांगते.

सुरुवात मोजण्यापासून करावी. केस धुतल्यावर ओले असतानाच मोठ्या दातांच्या फणीने सरळ विंचरावेत, ताठ उभे राहावे आणि घरातल्या कोणाला तरी शिवणकामाची टेप हातात द्यावी. वरचा सर्वांत आखूड लेअर पाठीवर जिथे संपतो, तिथपासून सर्वांत खालच्या शेंड्यापर्यंतचे अंतर मोजावे. केस मुळापासून मोजू नयेत, कारण टाळूवरचा केस आणि मानेवरचा केस मुळापासून सारखेच लांब असले तरी खाली एका रेषेत येत नाहीत. आपल्याला हवी आहे ती लोंबणाऱ्या टोकांमधली दरी. कुरळे केस असतील तर बट हलकेच ताणून मोजावी, नाही तर आकडा फसवा येतो. चेहऱ्याभोवतीच्या बटा वेगळ्या मोजाव्यात आणि दोन्ही आकडे तारखेसह लिहून ठेवावेत.

माझी पाठीवरची दरी 22 सेंटिमीटर भरली होती. केस महिन्याला सरासरी सव्वा सेंटिमीटर, म्हणजे वर्षाला सुमारे 15 सेंटिमीटर वाढतात. खालची रेषा आहे तिथेच ठेवून, जेवढे वाढेल तेवढे दर वेळी कापत राहिले असते, तर ही दरी भरायला सुमारे दीड वर्ष लागले असते आणि त्या काळात लांबी जराही वाढली नसती. तेवढा धीर माझ्याकडे नव्हता. म्हणून मी मधला मार्ग धरला: दर तीन महिन्यांनी केस पावणेचार सेंटिमीटर वाढतात, त्यातले दोन सेंटिमीटर फक्त खालून कापायचे आणि बाकीचे ठेवायचे. त्यामुळे दर तिमाहीत दरी दोन सेंटिमीटरने कमी होते आणि लांबीही पावणेदोन सेंटिमीटरने पुढे सरकते. शिवाय दरी पूर्ण मिटवण्याची गरजच नसते. ती सात-आठ सेंटिमीटरवर आली की वेणीत सगळे केस बसतात आणि मोकळे सोडले तरी लेअर वेगळे दिसत नाहीत. या हिशेबाने मला पावणेदोन वर्षे लागली आणि तेवढ्या काळात लांबी सुमारे 12 सेंटिमीटरने वाढली. कापल्याने केस वेगाने वाढतात असा समज आपल्याकडे पक्का आहे, पण वाढ मुळाशी होते आणि शेंड्याला लावलेली कात्री मुळापर्यंत पोहोचत नाही. कापायचे ते दरी भरण्यासाठी आणि फाटे फुटलेले शेंडे आणखी वर चिरत जाऊ नयेत यासाठी.

पार्लरमध्ये काय सांगायचे, यावर बाकी सगळे अवलंबून असते. ‘ट्रिम करा’ एवढेच सांगितले, तर लेअर कट असलेल्या केसांना ट्रिम करणे म्हणजे सगळे लेअर थोडे थोडे कापणे असा अर्थ घेतला जातो. माझ्या बाबतीत नेमके तेच झाले. आठ महिने जपून वाढवलेले वरचे केस एका पार्लरमध्ये ‘जरा शेप देते’ म्हणत मला विचारण्याआधीच कापले गेले, आणि आरशात पाहिले तेव्हा वरची बट पुन्हा कानाच्या पाळीशी आली होती. चूक माझ्या अर्धवट सांगण्याचीही होती. तेव्हापासून मी खुर्चीत बसण्याआधीच तीन गोष्टी स्पष्ट सांगते: लेअरना हात लावायचा नाही, केस खालच्या रेषेवर सरळ कापायचे, आणि कापायचे ते दोनच सेंटिमीटर. ‘दोन बोटे’ हे माप सांगू नये, कारण प्रत्येकीची बोटे वेगळी असतात. फणीवर किंवा टेपवर दाखवावे. केस पातळ करण्याची दातेरी कात्री तर वाढवण्याच्या काळात अजिबात वापरू देऊ नये, कारण ती आत नवे आखूड केस तयार करते आणि तेच पुढे वर्षभर वेणीतून डोकावत राहतात.

आता रोजच्या निगेकडे वळू. लेअर असलेले केस जास्त का गुंततात, हे समजले की निम्मे काम सोपे होते. केसाचा सर्वांत खरखरीत भाग म्हणजे त्याचे टोक. एकसारख्या केसांत सगळी टोके खाली एका जागी असतात. लेअरमध्ये ती कानापासून कमरेपर्यंत सर्वत्र विखुरलेली असतात आणि शेजारच्या लांब केसांत अडकतात. म्हणून कंडिशनर फक्त खालच्या शेंड्यांना लावण्याचा नेहमीचा सल्ला इथे अपुरा पडतो. केसांचे वरचा, मधला आणि खालचा असे तीन भाग करून प्रत्येक भागाच्या टोकांना तो वेगळा लावावा, टाळूला मात्र लावू नये. शाम्पूचे उलट आहे: तो टाळूवर चोळावा आणि फेस लांबीवरून नुसता वाहू द्यावा. तुमचे केस 45 सेंटिमीटर लांब असतील, तर त्यांच्या शेंड्यांनी तीन पावसाळे पाहिलेले असतात; त्यांना दर वेळी खसाखसा चोळून धुण्याची गरज नसते.

धुण्याआधी अर्धा-एक तास खोबरेल तेल लावण्याची आपली जुनी रीत इथे खरोखर उपयोगी आहे. खोबरेल तेल केसाच्या आत शिरते आणि धुताना व विंचरताना होणारी प्रथिनांची झीज कमी करते, असे भारतीय संशोधकांनी 2003 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसले होते. त्याच्याशी तुलना केलेल्या सूर्यफुलाच्या आणि खनिज तेलात तो गुण आढळला नाही. तेल मात्र चमचा-दीड चमचाच घ्यावे आणि तेही जास्तकरून लांबीवर लावावे. तेल चोपडून प्रवासाला निघू नये, कारण फलाटावरची धूळ त्यावर बसते आणि कपाळावर येणाऱ्या आखूड बटांचे तेल त्वचेला लागून पुरळ येते.

पाण्याबद्दल थोडे सांगायला हवे, कारण त्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. नवी मुंबईत मोरबे धरणाचे पाणी येते, त्यामुळे तिथे सहसा तक्रार नसते. ठाण्यातल्या घोडबंदर रस्त्यावरच्या अनेक सोसायट्यांत मात्र उन्हाळ्यात टँकरवर भागवावे लागते आणि ते पाणी बोअरवेलचे असेल तर बहुधा जड असते. बादलीच्या कडेला पांढरा थर बसत असेल, साबणाला फेस कमी येत असेल, तर तोच थर केसांवरही बसतो आणि लेअरची टोके अधिक राठ होतात. अशा वेळी शेवटचे दोन तांबे पिण्याच्या आरओ फिल्टरचे पाणी डोक्यावरून घ्यावे. एवढ्यानेही फरक जाणवतो.

केस पुसायला जाड टर्किश टॉवेलपेक्षा सुती पंचा चांगला. झटकू नये, दाबून पाणी टिपून घ्यावे. ओला केस जास्त ताणला जातो आणि लवकर तुटतो, म्हणून सरळ केस निम्मे वाळल्यावरच विंचरावेत. कुरळे केस मात्र कंडिशनर लावलेले असताना न्हाणीघरातच मोकळे करावेत, वाळल्यावर त्यांना फणी लावू नये. विंचरण्याची सुरुवात नेहमी खालून करावी: आधी शेवटची चार बोटे, मग त्याच्या वरचा भाग, आणि प्रत्येक वेळी वरचा भाग दुसऱ्या हाताने घट्ट धरावा, म्हणजे ओढ मुळापर्यंत जात नाही. मानेजवळ, ओढणी किंवा कॉलर घासते तिथे, लेअर असलेल्या केसांत हमखास गुंता होतो. तो बोटांनी सोडवावा. घाईच्या वेळी तिथे फणी ओढली, की वर्षभराची कमाई हातात येते.

पावसाळ्याचे चार महिने हे वेगळेच प्रकरण आहे. केसातले जे हायड्रोजन बंध ड्रायरने किंवा इस्त्रीने हव्या त्या आकारात बसवले जातात, ते हवेतल्या दमटपणाने पुन्हा सुटतात. म्हणून सकाळी सेट केलेले लेअर ठाणे स्थानकाच्या पुलावरून फलाटापर्यंत पोहोचेतो फुललेले असतात. जूनपासून सप्टेंबर संपेपर्यंत इस्त्री बाजूला ठेवावी, हे माझे स्पष्ट मत आहे; फायदा दहा मिनिटांचा आणि झीज कायमची. हवेच असेल तर पूर्ण कोरड्या केसांवर, बेताच्या उष्णतेवर, महिन्यातून एखाद्या समारंभापुरते वापरावे. ओल्या केसावर इस्त्री फिरवली तर आतल्या पाण्याची वाफ होऊन केस आतून फुटतो. लेअर आवरत नाहीत म्हणून रासायनिक स्मूदनिंग करून घेण्याचा मोहही या काळात टाळावा, कारण काही महिन्यांतच मुळाशी तुमचे मूळचे नागमोडी केस आणि खाली सरळ केस अशी दुसरीच दरी तयार होते, आणि ती टेपने मोजून भरता येत नाही.

केस बांधण्याची सर्वांत भरवशाची रीत म्हणजे सागरवेणी. साध्या तिपेडी वेणीत सगळे केस मानेपाशी एकत्र येतात आणि आखूड लेअर तिथवर पोहोचतच नाहीत. सागरवेणीत मात्र प्रत्येक वळणाला बाजूचे थोडे केस पेडात घेतले जातात, त्यामुळे आखूड बट तिच्याच उंचीवर गुंफली जाते. बोटांना पाण्याचा हात लावून कपाळावरचे मूठभर केस घ्यावेत, त्यांचे तीन पेड करावेत, आणि पहिल्या तीन-चार वळणांत कानाच्या वरच्या सगळ्या आखूड बटा आत घेऊन टाकाव्यात. खरे काम इथेच होते. पुढे वेणी सैल घातली तरी चालते. कपाळाजवळ मात्र ओढून घट्ट बांधू नये. रोज एकाच जागी ताण पडला की कानशिलावरचे केस विरळ होत जातात, म्हणून भांगही अधूनमधून बदलावा. हनुवटीपर्यंत आलेल्या पुढच्या बटांना एकच पीळ देऊन त्या कानामागे दोन काळ्या पिना फुलीसारख्या अडकवून बसवाव्यात. एक पिन लोकलच्या दारातल्या वाऱ्यात टिकत नाही. दुचाकीवरून जाणाऱ्यांनी हेल्मेटखाली उंच अंबाडा घालण्याऐवजी मानेवर खाली वेणी घालावी आणि आत सुती रुमाल बांधावा. नोटांच्या पुडक्याला लावतात तसले रबर केसांना कधीही लावू नये. कापडी रबर किंवा क्लचर वापरावा.

केस खांद्याला टेकतात तो महिना-दीड महिना सर्वांत कठीण जातो, कारण टोके खांद्यावर आपटून बाहेर वळतात. बहुतेक जणी इथेच हार मानतात. या काळात वरचे अर्धे केस मागे बांधावेत आणि रात्री झोपताना किंचित दमट केसांची सैल वेणी घालावी. वेणीने पडलेल्या लाटेत ते वळण लपून जाते.

लग्नकार्य किंवा गुढीपाडव्याची शोभायात्रा आली, की नऊवारीवर खोपा हवा असतो आणि लेअर नेमके तेव्हाच आड येतात. अशा वेळी गंगावन लावायला संकोचू नये, ही आपल्याकडची जुनीच सोय आहे. ते आखूड लेअरवर न अडकवता मानेवरच्या दाट केसांत गुंफावे आणि गजऱ्याची यू-पिन वेणीच्या पेडातून घालावी. सुट्या बटांवर टांगलेला गजरा त्यांना ओढून तोडतो.

रोज 50 ते 100 केस गळणे नेहमीचे आहे. मोठ्या तापानंतर किंवा बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी जास्त गळतात आणि पुढे आपोआप भरून येतात. भरून येणारे आखूड केस म्हणजे नवा लेअरच, त्याच्यासाठी मूळ बेत बदलू नये. गळती बरेच महिने थांबली नाही, तर तेल बदलत बसण्यापेक्षा त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे आणि त्यांनी सांगितल्यास लोह व थायरॉइडची तपासणी करून घ्यावी.

दर तिमाहीला कापण्याआधी पुन्हा टेप लावावी. दरी आठ सेंटिमीटरच्या आत आली, की शेवटचा कट सांगावा: केस ओले, भांग मधोमध, खालची रेषा सरळ किंवा अगदी हलका यू. त्या वेळी खुर्चीत पायावर पाय टाकून बसू नये आणि मोबाइलकडे मान झुकवू नये, कारण खांदा एका बाजूला कलला किंवा मान खाली गेली, की रेषा तिरपी होते आणि ती सरळ करण्यासाठी आणखी दोन सेंटिमीटर जातात.